बरोबरी झाली की नाणं नको



आमच्या ऊर्जानगरात ‘ओव्हरटाइम’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वीज केंद्राची वसाहत ही. तीन पाळ्यांचं आयुष्य. रात्रपाळी संपली, पण पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही, तर हातातलं काम टाकून कोणी घरी येत नसे. बॉयलरला आणि टर्बाइनला काय, तुमची पाळी संपली हे कळत नाही! ह्यांच्या डब्यातली पोळी वाळून जायची आणि इकडे मी पातेल्यावर ताट झाकून बसलेली. पण महिन्याच्या शेवटी पगारपत्रकात त्या तासांचे पैसे दुप्पट दराने यायचे. १९४८ च्या कारखाना कायद्यात तसं लिहूनच ठेवलेलं होतं. वसाहतीत कित्येक घरांतला पहिला फ्रीज हा ‘ओव्हरटाइमचा फ्रीज’ होता!

आज मात्र मला दुसऱ्याच ओव्हरटाइमबद्दल लिहायचं आहे. बास्केटबॉलमधल्या. तिथे दुप्पट पैसे नाहीत, आणि तरीही मला तो जगातल्या फार न्याय्य नियमांपैकी एक वाटतो.

मराठी शिकवणाऱ्या बाईंना बास्केटबॉलचं काय, असं तुम्ही म्हणाल. शाळेत नोकरी केलेल्यांना माहीत आहे, सामने असले की जो शिक्षक रिकामा दिसेल त्याला कामाला जुंपतात. माझ्या गळ्यात स्टॉपवॉच पडलं ते कायमचंच. सिमेंटच्या मैदानाच्या कडेला एक लाकडी टेबल, त्यावर गुणलेखकाची वही, एक घंटा, आणि घड्याळ धरून मी. शिट्टी वाजली की घड्याळ थांबवायचं, चेंडू खेळात आला की पुन्हा सुरू करायचं. निवृत्तीपर्यंत हे काम केलं. चेंडू आयुष्यात एकदाही बास्केटमध्ये टाकला नाही, पण खेळाच्या वेळेचा हिशेब मला नीट कळतो.

तर तो हिशेब असा. सामन्याची ठरलेली वेळ संपली आणि दोन्ही संघांचे गुण सारखे असले, तर पाच मिनिटं आणखी खेळायचं. तरीही बरोबरी राहिली, तर आणखी पाच. मग आणखी पाच. याला मर्यादा नाही. सामना बरोबरीत सोडायचाच नाही. आता यातली खुबी बघा. गुण पुसून शून्यापासून सुरुवात करत नाहीत, आहे त्या आकड्यावरून पुढे जातात. संघ बास्केट बदलत नाहीत, ज्या बाजूला चाल करत होते त्याच बाजूला करतात. ज्या खेळाडूच्या नावावर चार फाउल आहेत, तिचे चारच राहतात. पाचवा झाला की ती बाहेर. म्हणजे जादा वेळ हा नवा सामना नाही. जुनाच सामना थोडा लांबवलेला. आधी जे कमावलं ते तुमचं, आधी जे चुकलं तेही तुमचंच.

माझं आजचं म्हणणं थोडक्यात सांगते. दोघं सारखे ठरले, तर त्यांच्यातला निकाल त्याच खेळाने लागावा, आणि तो लावायचा की नाही हे खेळणाऱ्यांना विचारलं जावं. नाणं उडवणं, चिठ्ठी काढणं, जन्मतारीख बघणं हे सगळे मार्ग मोठ्या माणसांच्या सोयीचे आहेत. खेळणाऱ्याचं त्यात काहीच नसतं.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. खुद्द हा खेळ ज्याने काढला त्याच्याच मनात हे होतं. डॉ. जेम्स नेस्मिथ हे अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी व्यायामशिक्षक होते. १८९१ च्या डिसेंबरात, थंडीत बाहेर खेळता येत नाही म्हणून, त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि अठरा मुलांचे नऊ-नऊचे दोन संघ केले. नियम केले फक्त तेरा. त्यातल्या शेवटच्या नियमात बरोबरीबद्दल लिहिलं आहे : दोन्ही कर्णधारांची संमती असेल, तर पुढचा गोल होईपर्यंत खेळ चालू ठेवावा. कर्णधारांची संमती! पंचांची नाही, आयोजकांची नाही, बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांची तर नाहीच नाही. एका शिक्षकाने केलेला नियम आहे हा, आणि शिक्षकाला मुलं कळतात ती अशी.

हेच नेस्मिथ पुढे १८९८ साली कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथे संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. गंमत म्हणजे त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांमध्ये, जिंकण्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेले ते एकटेच! खेळ काढणाऱ्यालाच खेळात हार पत्करावी लागली, आणि तरी आज तिथलं मैदान त्यांच्या नावाचं आहे.

अमेरिकेत कॉलेजांच्या बास्केटबॉलचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखंच. दर मार्च महिन्यात सगळ्या देशातली कॉलेजं बाद पद्धतीने खेळतात. एक सामना हरलात की घरी. या स्पर्धेचा अंतिम सामना जादा वेळेत गेल्याची उदाहरणं मोजकीच आहेत, आणि त्यातल्या दोन सामन्यांत हेच कॅन्सस होतं. एकदा हरलं, एकदा जिंकलं.

हरलं ते १९५७ साली, २३ मार्चला, कॅन्सस सिटी गावात. समोर नॉर्थ कॅरोलिना. कॅन्ससकडे विल्ट चेंबरलेन होता, सात फुटांहून उंच. सामना सुरू करताना पंच चेंडू वर उडवतात आणि दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू उडी मारतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या प्रशिक्षकांनी चेंबरलेनसमोर कोणाला उभं करावं? संघातल्या सर्वांत बुटक्यांपैकी एकाला, पाच फूट अकरा इंचांच्या टॉमी कर्न्सला! चेंडू मिळणार नाही हे ठाऊकच होतं, मग निदान समोरच्याला बुचकळ्यात तरी टाकू, असा विचार.

ठरलेली वेळ संपली तेव्हा ४६-४६. पहिल्या जादा पाच मिनिटांत दोघांचे दोन-दोन गुण. दुसऱ्या पाच मिनिटांत कोणाचाही एकही गुण नाही. तेव्हा कॉलेजच्या खेळात ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असं बंधन नव्हतं, त्यामुळे दोघंही जपून खेळत राहिले. तिसऱ्या जादा वेळेत कॅन्सस ५३-५२ असं पुढे होतं. सहा सेकंद उरलेले असताना नॉर्थ कॅरोलिनाच्या जो क्विग या खेळाडूला दोन फ्री थ्रो मिळाले. त्याने दोन्ही टाकले. ५४-५३. आणि मग चेंबरलेनकडे जाणारा शेवटचा चेंडूही त्यानेच हात घालून उडवला.

लक्षात घ्या, नॉर्थ कॅरोलिनाचा सगळ्यांत चांगला खेळाडू, लेनी रोझेनब्लुथ, ठरलेल्या वेळेतच पाच फाउल होऊन बाहेर गेला होता. तीनही जादा डाव ते त्याच्याविना खेळले. आणि आदल्याच रात्री उपांत्य सामन्यातही याच संघाला तीन जादा डाव खेळावे लागले होते! दोन रात्रींत सहा वेळा त्यांचं घड्याळ पुन्हा सुरू झालं.

चेंबरलेन हरलेल्या संघात असूनही त्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे व्यावसायिक खेळात त्याने कीर्ती मिळवली. पण १९९८ मध्ये, चाळीस वर्षांनी, कॅन्ससने त्याला सन्मानाने परत बोलावलं तेव्हाही तो त्या एका गुणाच्या पराभवाविषयी बोलला, आणि जमलेल्या लोकांनी त्याला उभं राहून मान दिला. हरल्याचं दुःख चाळीस वर्षं टिकतं. खेळून हरल्याचं सुद्धा! मग न खेळता हरवलेल्या मुलांचं काय होत असेल?

कॅन्सस जिंकलं ते २००८ साली, ७ एप्रिलला, सान अँटोनिओ शहरात, मेम्फिसविरुद्ध. शेवटची साधारण दोन मिनिटं उरली असताना मेम्फिस नऊ गुणांनी पुढे होतं. सामना संपल्यातच जमा. पण अखेरच्या सव्वा मिनिटात मेम्फिसने पाच फ्री थ्रोंपैकी चार चुकवले. फ्री थ्रो म्हणजे काय? पंधरा फुटांवरून, समोर आडवा येणारा कोणी नाही, घड्याळ बंद, सगळे गप्प उभे, तुम्ही आणि बास्केट. रोज सरावात शेकड्यांनी टाकलेली गोष्ट. ती चुकली. आणि जेमतेम दोन सेकंद उरलेले असताना कॅन्ससच्या मारिओ चामर्सने तीन गुणांच्या रेषेमागून चेंडू टाकला. ६३-६३. जादा पाच मिनिटांत कॅन्ससने बारा गुण केले आणि मेम्फिसने पाच. ७५-६८.

पुढे एका खेळाडूच्या प्रवेशपात्रतेच्या वादात मेम्फिसचा तो अख्खा हंगाम दप्तरातून रद्द झाला, तो भाग वेगळा. पण मैदानावर जे झालं त्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नव्हतं. मेम्फिसच्या मुलांना ठाऊक होतं आपण कुठे हरलो ते. त्या चार फ्री थ्रोंत. हरलेल्याला आपण कशात हरलो हे कळणं, हाच तर न्याय. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला आपण उत्तरपत्रिका दाखवतो ना, तसंच हे.

आता दुसऱ्या खेळांकडे बघू.

फुटबॉलमध्ये १९६८ साली युरोपच्या अजिंक्यपदाचा उपांत्य सामना, इटली आणि सोव्हिएत रशिया, नेपल्समध्ये झाला. जादा वेळ खेळूनही गोल नाही. मग काय केलं? नाणं उडवलं! इटली अंतिम फेरीत गेली. तिथे पुन्हा बरोबरी झाली, तेव्हा मात्र दोन दिवसांनी सामना परत खेळवला आणि इटली जिंकली. एकाच स्पर्धेत एका संघाला नाणं आणि दुसऱ्याला फेरसामना! दोनच वर्षांनी फुटबॉलवाल्यांनी नाण्याऐवजी पेनल्टी किकचा नियम स्वीकारला. पेनल्टीलाही पुष्कळ लोक नावं ठेवतात, पण निदान पाय तरी चेंडूला लागतो.

क्रिकेटचं तर तुम्हाला आठवतच असेल. २०१९ च्या विश्वचषकाचा लॉर्ड्‌सवरचा अंतिम सामना. इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१. सुपर ओव्हरमध्येही १५-१५. मग कोणाचे चौकार-षटकार जास्त ते मोजून इंग्लंडला विश्वविजेते केलं. पळून काढलेली धाव आणि चौकाराने मिळालेली धाव यांत दिवसभर काही फरक नव्हता, शेवटच्या क्षणी तो कुठून आला? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियम बदलला. आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर पुन्हा खेळतात. म्हणजे शेवटी बास्केटबॉलच्याच वाटेवर आले!

आपल्या विदर्भाचंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई परक्यांनाच बोल लावतात. २०२५ च्या मार्चमध्ये नागपूरला विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. आनंद झालाच, मी पेढे वाटले. पण केरळविरुद्धचा तो सामना खरं तर अनिर्णित राहिला होता. पहिल्या डावात आपले ३७९ आणि त्यांचे ३४२, त्या आघाडीवर करंडक आपला. आणि केरळही उपांत्य फेरीतून वर आलं होतं ते गुजरातवर पहिल्या डावातल्या अवघ्या दोन धावांच्या आघाडीवर. पाच दिवस खेळून दोन धावा! पण हा नियम मला तितकासा टोचत नाही, कारण तो आधी ठाऊक असतो आणि त्या धावा खेळूनच काढलेल्या असतात.

आपले मराठमोळे खेळ तर यात कोणाच्या मागे नाहीत. खो-खोत बरोबरी झाली तर अलाहिदा डाव, आणि तरीही सारखे राहिले तर लघुत्तम आक्रमण, म्हणजे कमी वेळात गडी कोण बाद करतं ते बघायचं. कबड्डीत पाच-पाच चढाया, आणि त्यानंतर सुवर्ण चढाई. ती कोणी करायची हे मात्र नाणेफेकीवर ठरतं. तेवढं मला खटकतं. पण एकूण बघितलं तर खो-खोतला निकाल पळूनच लागतो आणि कबड्डीतला दम धरूनच.

आणि आपली दिव्या देशमुख! नागपूरची पोर. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी शहरात बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. समोर कोनेरू हम्पी, दिव्याच्या दुप्पट वयाची आणि कितीतरी जास्त अनुभवी. दिव्या तेव्हा एकोणीस वर्षांची. पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग २८ जुलैला जलद डाव. पहिला पुन्हा बरोबरीत, दुसरा दिव्याने काळ्या सोंगट्या घेऊन जिंकला. विश्वचषक मिळाला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही. भारताची ती अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर.

माझ्या ओळखीचे एक बुद्धिबळप्रेमी म्हणाले, “पण बाई, जलद डाव म्हणजे वेगळीच परीक्षा झाली. शांतपणे निबंध लिहिणाऱ्याला एकदम शीघ्रलेखन करायला लावल्यासारखं.” त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण पट तोच, सोंगट्या त्याच, चालीही त्याच. आणि दोघींनाही तो नियम पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. हम्पीलाही शेवटी कळलं, आपण कुठल्या डावात हरलो ते.

आता मैदानाबाहेर या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखी मतं पडली की आपल्याकडे ईश्वरचिठ्ठी काढतात. एखाद्या लहान मुलाला पुढे करून बरणीतली चिठ्ठी उचलायला लावतात. २०१७ साली मुंबई महापालिकेतल्या एका प्रभागाचा निकालसुद्धा असाच चिठ्ठीने लागला. नाव तरी काय सुरेख दिलं आहे बघा, ईश्वरचिठ्ठी! आपल्याला निर्णय करता येईना, म्हणून देवावर ढकलला. गुणवत्ता यादीत दोघांचे गुण सारखे आले की ज्याचं वय जास्त तो वर, अशी पद्धतही अनेक ठिकाणी असते. एका दिवसाने आधी जन्मलेला मुलगा एका दिवसाने जास्त हुशार असतो का हो? निवडणूक पुन्हा घेण्याला खर्च आहे, हे मी समजू शकते. पण शाळेच्या मैदानावर काय खर्च आहे? पाच मिनिटं!

हे एवढ्या पोटतिडकीने लिहायचं कारण सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका आंतरशालेय स्पर्धेत मुलींच्या बास्केटबॉलचा उपांत्य सामना होता. शाळांची आणि गावाची नावं लिहीत नाही. घड्याळ माझ्या हातात. वेळ संपली तेव्हा १९-१९. मी नियमाप्रमाणे पाच मिनिटं लावायला घेतली, तेवढ्यात आयोजकांपैकी एक जण टेबलाशी आले. म्हणाले, “उजेड चालला आहे, बसवाला ओरडतो आहे, नाणं उडवा आणि मोकळे व्हा.” मी म्हटलं, “सर, नियम पाच मिनिटांचा आहे.” ते म्हणाले, “बाई, तुम्ही घड्याळ सांभाळा.”

नाणं उडवलं. लांबच्या तालुक्यातून आलेला संघ हरला. त्यांची कर्णधार, किडकिडीत, अनवाणी खेळणारी पोरगी, आधी म्हणाली, “मॅडम, खेळू द्या नं आम्हाले.” कोणी ऐकलं नाही. मग ती टेबलापाशी येऊन वहीकडे बघत उभी राहिली आणि मला विचारलं, “पण आम्ही हरलो कशात?”

वहीत दोन्हीकडे १९ च लिहिलेले होते. तिला दाखवायला माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

मंडळी, कॉलेजच्या आणि शाळेच्या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती शिडी. एका पायरीवर हरलं की त्या वर्षाचं सगळं संपलं. आणि ते नुसतं ढालीपुरतं नसतं. ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पोलिसात, वनखात्यात आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कितीतरी मुलामुलींची नजर असते. त्यासाठी लागतं ते प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रासाठी लागते वरची पायरी. शहरातल्या मुलाला पुढच्या वर्षी दुसरी संधी मिळते. भामरागडच्या मुलीला मिळेलच असं नाही. पुढच्या वर्षी पर्लकोटेला पूर आला आणि रस्ता बंद झाला तर ती स्पर्धेलाच पोचणार नाही. किंवा तोवर घरचे तिचं लग्न ठरवतील. तिच्या एका सामन्याची किंमत नाण्याच्या दोन बाजूंत बसवायची?

आता दुसरी बाजू. आयोजकांच्याही अडचणी असतात, त्या मी जवळून पाहिल्या आहेत. एका मैदानावर दिवसाला आठ-आठ सामने. दिवे नाहीत. आमच्याकडे तर अंधार पडल्यावर मुलांना बाहेर ठेवणं खरोखरच धोक्याचं. २०२२ च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात वाघाच्या आणि दुर्गापूरला बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा ‘उजेड चालला आहे’ हे म्हणणं नेहमीच बहाणा असतो असं मी म्हणणार नाही. मुलं दमलेली असतात हेही खरं. दमलेल्या मुलाचा पाय मुरगळतो, गुडघा जातो.

आणि कोणी असंही विचारेल की निकाल लागलाच पाहिजे का? दोघांना विजयी केलं तर काय बिघडलं? हा प्रश्न मला आवडतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी अगदी सारखे ठरले. पुढे आणखी उड्या मारून निकाल लावता आला असता. बार्शिमने पंचांना विचारलं, दोघांना सुवर्ण देता येईल का? नियमात बसत होतं. दोघांनी मिठी मारली आणि सुवर्ण वाटून घेतलं. सगळ्या जगाने डोळे पुसले. तीनच वर्षांनी पॅरिसला पुन्हा तसाच प्रसंग आला. न्यूझीलंडचा केर आणि अमेरिकेचा मॅकइवेन. त्यांनी उडी मारायचं ठरवलं. केर जिंकला. काही लोकांनी त्यांना हावरट म्हटलं, ते मला पटलं नाही. पहिल्या दोघांनी वाटून घेतलं तेही योग्य, या दोघांनी खेळून ठरवलं तेही योग्य. दोन्ही वेळा विचारलं गेलं ते खेळाडूंना. नेस्मिथच्या तेराव्या नियमातली कर्णधारांची संमती ती हीच.

बाद पद्धतीत दोघांना पुढे पाठवता येत नाही, तिथे एकाला थांबावंच लागतं. म्हणूनच तिथे तर पाच मिनिटांची जास्त गरज.

माझं मागणं फार मोठं नाही. सामन्यांचं वेळापत्रक आखताना दर दोन सामन्यांमध्ये वीस मिनिटं रिकामी ठेवा. उपांत्य आणि अंतिम सामने सकाळी घ्या, लांबून येणाऱ्यांची आदल्या रात्री शाळेतच झोपायची सोय करा. सतरंज्या आणि खिचडी एवढंच तर लागतं. उजेड गेलाच, तर आहे त्या गुणांवर सामना थांबवा आणि उरलेली पाच मिनिटं दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खेळवा. वहीत गुण लिहिलेले आहेत, फाउल लिहिलेले आहेत, रात्रीतून काही पुसलं जात नाही. बरोबरी झाली तर काय करायचं हे पहिल्या शिट्टीच्या आधी दोन्ही कर्णधारांना बोलावून सांगा. आणि नाणं? ते सुरुवातीला बाजू निवडण्यापुरतं ठेवा.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या कॉलेजांसाठी २०११ पासून आपलं स्वतःचं गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याआधी आपली मुलं नागपूर विद्यापीठाच्या गर्दीत असायची. आता मैदानं आपली आहेत, वेळापत्रकं आपल्याच लोकांच्या हातात आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण शाळांच्या, कॉलेजांच्या क्रीडा समित्यांवर आहेत, हे मला पक्कं माहीत आहे. त्यातले दोघे तर माझेच विद्यार्थी! बाबांनो, तुमच्या पुढच्या स्पर्धेच्या पत्रकात बरोबरीचा नियम एका ओळीत छापा. छापलेली ओळ असली की बसवाल्याच्या हॉर्नला घाबरून कोणी खिशात नाणं शोधत नाही.

हरणाऱ्याला हरण्याचं दुःख होणारच. ते कोणालाच वाचवता येत नाही, आणि वाचवूही नये. पण आपण कशात हरलो, असं एखाद्या मुलीने विचारलं, तर तिच्यापुढे ठेवायला वहीत एक उत्तर असलं पाहिजे. चुकलेला फ्री थ्रो, हातून सुटलेला चेंडू, समोरचीची एक सुंदर बास्केट. काहीही चालेल, पण ते मैदानावर घडलेलं असावं.

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं, माझाही ओव्हरटाइम झाला म्हणायचा. तुमच्या गावात बरोबरी झाली की काय करतात? नाणं, चिठ्ठी, की खेळ? अनुभव जरूर कळवा, वाट बघते.

कळावे, लोभ असावा.